डोळे बांधून ओळखलेला गूळ

आमच्याकडे पाहुणे आले की चहा, पोहे आणि मग मी, असा क्रम ठरलेला होता. बशा उचलल्या की अप्पा, म्हणजे माझे वडील, खिशातला मोठा रुमाल काढून माझ्या डोळ्यांवर बांधायचे आणि आईला हाक मारायचे, "आण गं त्या वाट्या." वाट्यांत गुळाचे खडे असायचे, निरनिराळ्या गावांहून आलेले. मी एकेक खडा नाकाशी धरायचे, बोटांत चुरायचे, जिभेच्या टोकावर ठेवायचे आणि सांगायचे. हा केडगावकडचा. हा कोल्हापूरचा, कणीदार आहे. हा खारट, खारपड जमिनीतल्या उसाचा. आणि हा दिसायला पिवळाधमक असेल, पण रंग उजळायला पावडर मारलेला आहे, नाकात गंधकासारखं काहीतरी चढतं. पाहुणे टाळ्या वाजवायचे. अप्पा रुमाल सोडताना माझ्या डोक्यावर टपली मारायचे आणि म्हणायचे, "पोरगा असती तर उद्या गाळ्यावर बसवली असती."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा राग यायलासुद्धा बरीच वर्षं लागली. लहानपणी मला ती शाबासकीच वाटायची.

अप्पांचा मार्केट यार्डात भुसार बाजारात गुळाचा गाळा आहे. शेतकऱ्याचा गूळ उतरवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सौद्यात, म्हणजे लिलावात, व्यापाऱ्यांसमोर मांडायचा आणि विकून द्यायचा, हे आडत्याचं काम. सौदा सुरू करताना कुठल्या ढेपेला किती भाव पुकारायचा हे आडत्यानं आधी ठरवावं लागतं. जास्त पुकारला तर घेणारे हसतात आणि पुढच्या गाळ्याकडे जातात. कमी पुकारला तर शेतकरी पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याकडे उतरवतो. हे ठरवणारं यंत्र आमच्याकडे एकच होतं, अप्पांचं नाक. ते मला मिळालं. धाकट्या भावाला मिळालं नाही. त्याला डोळे मिळाले.

भावाच्या डोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. आई लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेली की त्याला बरोबर न्यायची, कारण हा सात-आठ वर्षांचा मुलगा दुकानदाराला सांगायचा, "काका, ह्या हिरव्यावर हे काठ मरतात. ती तिसरी दाखवा." माझ्या गॅदरिंगचे घागरे त्यानं बसून सुचवले होते. जुन्या ओढण्यांतून तो कायकाय जोडायचा. पाहुण्यांसमोर हे मात्र कुणी करून दाखवायला सांगायचं नाही. पाहुणे आले की त्याची कात्री आणि चिंध्या पलंगाखाली जायच्या. म्हणजे बघा, घरात दोन मुलं, दोघांच्या अंगात एकेक कसब. एकाचं पलंगाखाली लपवायचं आणि दुसऱ्याचं चहानंतर करमणूक म्हणून वाढायचं. कामाला मात्र एकही लावायचं नाही.

शाळेला सुट्टी असली की मी अप्पांबरोबर गाळ्यावर जायचे. पोत्यांवर बसून मी सौदा ऐकायचे. ढेपेत सुरी खुपसून आतला तुकडा काढायचा, तो सगळ्यांच्या हातांतून फिरायचा आणि मग आवाज चढायचे. मला त्या जागेची ओढच लागली होती. उन्हाळ्यात गुळावर माश्या घोंगावायच्या, पायाखाली चिकट व्हायचं, घरी आल्यावर आई चपला बाहेर ठेवायला लावायची, तरी मला वाटायचं की जगात याहून चांगली जागा नसेल. दहावीच्या सुट्टीत एकदा अप्पांनी मला भाव पुकारायच्या आधी हळूच विचारलं, "काय म्हणतीस?" मी सांगितलं. त्यांनी तोच आकडा पुकारला आणि माल त्याच्या जरा वरच गेला. त्या दिवशी घरी येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी मनात ठरवून टाकलं की आपण हेच करायचं.

बारावीला कॉमर्सला चांगले मार्क पडले आणि मी ते बोलून दाखवलं. जेवायला बसलो होतो. आईनं आमटी वाढता वाढता पळी थांबवली. अप्पा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, "बाळा, तिथं हमाल काय बोलत्यात, व्यापारी कसं शिव्या देत्यात, तू ऐकलंस ना?"

"ऐकलंय की. पाठ आहेत."

"आन् गाळ्याला संडास नाय. दिवसभर काय करशील?"

त्यावर मी म्हणाले की मागं मोकळी जागा आहे, एक बांधू या. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाळ्यामागे विमानतळ बांधा म्हणतेय. अजूनही गाळ्यामागची ती जागा मोकळी आहे, तिथं रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात. एक संडास बांधण्यापेक्षा मुलीचं आयुष्य दुसरीकडे वळवणं स्वस्त आणि सोयीचं पडलं.

मी धान्य साफ करणाऱ्या बायकांचंही विचारलं होतं. आमच्या गाळ्याच्या समोरच्या ओटीवर त्या सकाळपासून चाळण्या घेऊन बसायच्या, तेच हमाल आणि त्याच शिव्या त्यांच्याही कानांवर पडायच्या. त्या बायका नव्हत्या का? अप्पा म्हणाले, "त्या कामाला येत्यात." मी म्हणाले, "मीही कामालाच येणार होते." तर आई म्हणाली, "उलट बोलू नकोस. बँकेच्या परीक्षा दे. बसून काम, वेळेवर घरी, सुट्ट्या सगळ्या. मुलींसाठी बँक उत्तम." आमच्या बिल्डिंगमध्ये मुलींसाठी उत्तम अशा गोष्टींची यादी सगळ्या आयांना तोंडपाठ होती. बँक, शाळा, कॉम्प्युटर. तिन्हींत एकच गुण होता, संध्याकाळी कुकर लावायला माणूस घरी पोचतं.

मला कुणी कोंडलं नाही, मारलं नाही, शिक्षण तोडलं नाही. उलट फी भरली, गाडी घेऊन दिली. म्हणूनच हे कुणाला सांगताना माझी पंचाईत होते. ऐकणारा म्हणतो, मग तुझी तक्रार काय आहे नक्की? तक्रार ही आहे की मला सगळं दिलं, फक्त मी मागितलं ते सोडून, आणि वर ते माझ्याच काळजीनं.

भावाची कथा याच्या उलट आणि तितकीच चीड आणणारी. त्याला कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करायचा होता. त्यानं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं तेव्हा अप्पांनी ते वाचलंही नाही. "शिंपी व्हायचंय?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "गाळा कुणासाठी ठेवलाय मी?" मी तिथंच उभी होते. पाण्याचे ग्लास भरत होते. मला वाटलं, आता तरी कुणीतरी माझ्याकडे बघेल. कुणीही बघितलं नाही, अगदी भावानंसुद्धा. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता.

पुढच्या वर्षापासून तो गाळ्यावर जाऊ लागला आणि मी बँकेच्या परीक्षा देऊ लागले. बँक काही मिळाली नाही. खराडीच्या एका कंपनीत लोकांचे पगार काढायच्या कामावर लागले. एसी आहे, गादीची खुर्ची आहे, संडास प्रत्येक मजल्यावर दोन्हीकडे आहेत. काम मी नीट करते, पण त्याला कसलाच वास नाही.

लग्न ठरायच्या वेळी नारायण पेठेतली मंडळी मला बघायला आली. चहा-पोहे झाले आणि अप्पांना राहवलं नाही. रुमाल निघाला. मी आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, म्हणजे कर. मग मी त्या वयात, साडी नेसून, डोळे बांधून, अनोळखी लोकांसमोर गूळ ओळखला. एकही चुकला नाही. होणाऱ्या सासूबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "वा. चला, पुरणपोळीची काळजी मिटली." सगळे खो खो हसले. अप्पा सगळ्यांत जास्त. जो गुण भावाच्या नाकात असता तर त्याला धंद्याची अक्कल म्हणाले असते, तो माझ्या नाकात होता म्हणून पुरणाच्या डब्यात गेला. रुमालाखाली माझे डोळे उघडे होते आणि काळ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

नवरा भला माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला आणि सकाळ-संध्याकाळ नगर रोडच्या गर्दीत दिवस जाऊ लागले. गाळा माझ्या डोक्यातून गेला होता असं मी स्वतःला सांगत असे.

मग करोना आला. अप्पांना झाला आणि त्यातून ते बरे झाले, फक्त नाक परत आलं नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते आईमुळे. दूध करपून घरभर वास सुटला होता आणि अप्पा शेजारच्या खोलीत शांत बसून होते. आईनं विचारलं तर म्हणाले, सर्दी आहे. ती सर्दी पुढे गेलीच नाही. तेव्हापासून ते गाळ्यावर गल्ल्यापाशी बसतात, ढेप समोर आली की खडा उचलतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि भावाकडे देऊन म्हणतात, "तू सांग. आता तू शिकायला पायजे." हे नाटक भावाला कळत होतं, पण बोलायची हिंमत त्याला नव्हती.

आणि भाऊ डोळ्यांनी गूळ बघायचा. ज्या मालाचा रंग त्याला सुंदर दिसे तो माल एक नंबर म्हणून पुकारायचा. गुळात सुंदर रंग म्हणजे बहुतेक वेळा पावडर. एका दिवाळीच्या तोंडावर त्यानं सगळ्यांत देखणा माल सगळ्यांत चढ्या भावानं पुकारला. घेणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तुकडा तोंडात घातला, थुंकला आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं. त्या संध्याकाळी भावाचा मला फोन आला. त्यानं व्हिडिओ कॉल केला होता आणि स्क्रीनवर गुळाचा खडा धरला होता. "ताई, हा कसा वाटतो?"

मी म्हणाले, "अरे गाढवा, फोनला वास येतो का?"

दोघंही हसलो. हसता हसता तो रडायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून नमुने येऊ लागले. गाळ्यावरचा टेम्पोवाला वाघोलीतच राहतो. संध्याकाळी घरी जाताना तो आमच्या गेटवर वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या ठेवायचा, प्रत्येकीवर पेननं आकडा. मी भाजी फोडणीला टाकून पुड्या उघडायचे आणि मेसेज पाठवायचे. एक, पावडर. दोन, चांगला, पावसाळ्यात टिकेल. तीन, खारट, दोन नंबरात टाक. भाऊ सकाळी त्याप्रमाणे पुकारायचा. गाळा सावरला. गेलेला म्हातारा व्यापारी परत आला. नवरा म्हणायचा, "बहीण-भावाचं छान चाललंय." सासूबाई राहायला आल्या की म्हणायच्या, "त्या गुळाला मुंग्या येतात हो, डब्यात ठेवत जा." ज्या कामासाठी मी कधीकाळी जीव टाकत होते ते काम मी आता करत होते, स्वयंपाकाच्या ओट्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत, कुणाला न दिसता. आणि खरं सांगते, आधी मला त्यात आनंदच वाटला. तो आनंद आठवला की आता जास्त चिडचिड होते.

या संक्रांतीच्या आधी अप्पांची साठी थोडी उशिरा साजरी केली. बिबवेवाडीच्या घरी मार्केट यार्डातली मंडळी जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर तो म्हातारा व्यापारी भावाच्या पाठीवर हात ठेवून अप्पांना म्हणाला, "पोरगं तयार झालं तुमचं. नाक बापाचंच आलंय." अप्पांची छाती फुगली. "शिकवला मी त्याला," ते म्हणाले. भाऊ विड्याचं पान उगाचच उलगडत राहिला.

मग त्या व्यापाऱ्याला माझी आठवण झाली. "अहो, ती तुमची मुलगी डोळं बांधून गूळ ओळखायची, ती कुठंय?" मी समोरच होते, सरबताचा ट्रे घेऊन. अप्पांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. रुमाल निघाला.

मी ट्रे खाली ठेवला. नको म्हणता आलं असतं, पण म्हणाले नाही. माझ्या केसांत पांढरे आहेत, मुलगा चौथीत आहे, आणि मी खुर्चीवर बसून डोळे बांधून घेतले. आईनं वाट्या आणल्या. पहिला खडा मी नाकाशी धरला आणि म्हणाले, "हा मंगळवारी सौद्यात होता. दुसऱ्या पुडीतला. मी वाघोलीहून एक नंबर म्हणून कळवला होता, तो तुम्हीच घेतलात, काका." दुसरा घेतला. "हा तिसऱ्या पुडीतला. खारट. तोही मीच कळवला होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला दिसत काही नव्हतं, पण पंख्याचा आवाज फार मोठा झाला. मग भावाचा आवाज आला, "खरंय. सगळं ताईच सांगते. मला यातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

आता अप्पा बोलतील, असं वाटून मी रुमाल तसाच ठेवला. ते बोलले. मोठ्यानं हसत म्हणाले, "घ्या! उगाच का हिच्या पुरणपोळ्या इतक्या भारी होत्यात!" आणि खोली सुटकेचा निःश्वास टाकून हसली. मी स्वतःच गाठ सोडली.

मंडळी गेल्यावर अप्पा गॅलरीत बसले होते. मी गेले तेव्हा त्यांच्या हातात त्याच वाटीतला खडा होता आणि ते तो पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कायच येत नाय गं. माती हुंगल्यावानी वाटतं." ज्या माणसानं मला वास घ्यायला शिकवलं तो असा बसलेला बघवत नव्हता. मी शेजारी बसले, त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता म्हणतील, ये.

ते म्हणाले, "बरं झालं तू आहेस. टेम्पोवाल्याबरोबर नमुने येत जातील तसेच."

माझा हात आपोआप सुटला. "नमुने पाठवू नका, अप्पा," मी म्हणाले. "नाक हवं असेल तर अख्खी बाई येईल. नोकरी सोडेन मी. तो त्याचा कोर्स करेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी खडा पुन्हा नाकाशी नेला. आईनं आतून विचारलं, उरलेली जिलबी डब्यात घालून देऊ का.

दोन दिवसांनी संध्याकाळी टेम्पोवाला पुड्या ठेवून गेला. मी त्या ओट्यावर ठेवल्या आणि उघडल्या नाहीत. भावाला मेसेज केला, "उघडल्या नाहीत." त्यानं उत्तरादाखल फक्त एक अंगठा पाठवला, आणि मला वाटतं, तो अंगठा मनापासून होता. पोळ्या लाटताना वास येत राहिला. कागदातूनही कळत होतं, त्यातली एक पावडरची आहे. कुठली तेही मला ठाऊक होतं. उद्या सकाळी भाऊ तीच सगळ्यांत देखणी म्हणून सगळ्यांत वर पुकारणार.

मग फोन वाजला. स्क्रीनवर भावाचं नव्हे, अप्पांचं नाव होतं. गाळ्याच्या बाबतीत त्यांनी मला केलेला हा पहिला फोन. मी पिठाच्या हातानंच उचलला.

"पुड्या मिळाल्या का?" त्यांनी विचारलं.

"मिळाल्या. उद्या गाळ्यावर किती वाजता येऊ?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"थांब," अप्पा म्हणाले, "आईला देतो."